सोमाली रुग्ण तपासताना: घरचे उपचार कसे विचारायचे, कसे ओळखायचे

मुंबई, पुणे, हैदराबाद, दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयांना सोमाली रुग्ण आता नवे नाहीत. पुण्यात शिकायला आलेली सोमाली मुलं ताप-खोकल्यासाठी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात येतात. मोगादिशू किंवा हर्गेसाहून येणारी माणसं हृदय, किडनी, कॅन्सर, मणक्याच्या ऑपरेशनसाठी येतात. मिनिॲपोलिस, लंडन, नैरोबीत काम करणाऱ्या मराठी डॉक्टर-नर्सना तर हे रुग्ण रोजचेच. ही माहिती या सगळ्यांसाठी आहे.

सुरुवातीलाच एक गृहीत धरून चला. रुग्ण तुमच्यासमोर बसतो तोवर त्याच्या आजारावर काहीतरी उपचार होऊन गेलेला असतो. आधी घरातली म्हातारी माणसं, मग कुराण पठण करणारे शेख, मग डाग देणारा किंवा हाडं बसवणारा जाणकार, मग औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्या, आणि त्यानंतर डॉक्टर. १९९१ मध्ये सियाद बारे यांचं सरकार कोसळलं आणि सरकारी आरोग्यव्यवस्थाही मोडून पडली. मधल्या काळात लोकांच्या हाताशी हेच होतं. त्यामुळे ‘गावठी उपाय केलेत का?’ असा प्रश्न विचारून उपयोग नाही. त्याला ‘नाही’ हेच उत्तर मिळतं. ‘काय काय करून झालं?’ असं विचारा.

केसपेपर भरताना

सोमाली नावाचे तीन भाग असतात: स्वतःचं, वडिलांचं आणि आजोबांचं. आडनाव नसतं. लग्नानंतर बाई नाव बदलत नाही. आपलं सॉफ्टवेअर आजोबांच्या नावाला आडनाव समजतं, म्हणून बाप-लेकाची ‘आडनावं’ वेगळी दिसतात आणि नवरा-बायकोची तर जुळतच नाहीत. कागद खोटे आहेत, असा संशय यावरून घेऊ नका. हाक मारायची ती पहिल्या नावाने; आधी ‘डॉक्टर’ लावायचं असलं तरी ते पहिल्याच नावाला.

मोहम्मद, अली, अब्दी, हसन, फातिमा, हलिमा ही नावं इतक्या वेळा येतात की एकाच वॉर्डात अदलाबदल सहज होते. नाव आणि जन्मतारखेशिवाय तिसरी ओळख म्हणून आईचं नाव लिहून घ्या. जन्मतारखेवर तर भरवसा ठेवूच नका. अनेकांच्या पासपोर्टवर १ जानेवारी असते, कारण खरी तारीख कुठे नोंदलेलीच नव्हती. मुलांचे डोस वजनावरूनच काढा. वाढीच्या तक्त्यात मूल ‘खुजं’ दिसलं तर आधी वय खरं आहे का ते पाहा: आईला विचारा, ते कुठल्या पावसाळ्यात जन्मलं. ‘गू’ हा साधारण एप्रिल ते जूनचा मोठा पाऊस, ‘देईर’ हा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. एवढ्यावरून सहा महिन्यांची चूक पकडता येते.

दुभाषी नेमताना दोन गोष्टी पाहायच्या. दक्षिणेकडच्या काही लोकांची बोली ‘माय’ असते. उत्तरेच्या किंवा मोगादिशूच्या माणसाला ती धड कळत नाही, म्हणून ‘सोमाली येते’ एवढं पुरेसं नसतं. दुसरं म्हणजे समाज छोटा आहे आणि कुळाची ओळख पक्की. पुण्यातला एखादा विद्यार्थी मदतीला आला तर नोंदणी, बिल, रस्ता दाखवणं यासाठी उत्तम. पण क्षयरोग, एचआयव्ही, पाळी, गर्भ, मानसिक त्रास हे विषय त्याच्यासमोर निघत नाहीत. तिथे फोनवरचा, दुसऱ्या शहरातला दुभाषी बरा पडतो. स्वतःच्या मुलाला दुभाषी करू नये, आणि बाईच्या तपासणीत नवऱ्यालाही नको.

बाईशी हस्तांदोलनाला पुरुष डॉक्टरने हात पुढे करू नये. छातीवर हात ठेवून ‘अस्सलामु अलैकुम’ म्हटलं की काम होतं. ‘हग्गे बा कू हनूनया?’ म्हणजे कुठे दुखतंय. ‘दावो’ म्हणजे औषध, ‘कन्डो’ म्हणजे ताप, ‘मदह’ म्हणजे डोकं, ‘सोंकोर’ म्हणजे साखर आणि साखरेचा आजारही. मोडकंतोडकं बोललात तरी समोरचा खुलतो.

प्रश्नांचा क्रम

हा क्रम बदलू नका. आधी पोटात काय गेलं ते विचारा, कारण ते सांगायला कुणाला संकोच वाटत नाही. मग अंगाला काय लावलं, धुरी कशाची दिली. त्यानंतर कुठे डाग दिला, कापलं, रक्त काढलं. सगळ्यात शेवटी, कुणी कुराण वाचलं का, आणि त्यांनी आजार कशाचा सांगितला. प्रत्येक उत्तरानंतर ‘कधी?’ विचारायचं. ‘आमच्याकडेही बाळंतिणीला धुरी देतात, तुमच्याकडे काय करतात?’ अशी सुरुवात केली की पुढचं आपोआप येतं. चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं की तोंड मिटतं.

शेवटच्या प्रश्नाला नजर लागणं, जिन्न, कुणाची करणी, यापैकी काही उत्तर आलं तर ते जसंच्या तसं लिहून घ्या. खोडून काढायला बसू नका. उपचाराशी त्याचं भांडण क्वचितच असतं. कुराण वाचून फुंकलेलं पाणी, ज्याला ‘तहलील’ म्हणतात, रुग्णाच्या उशाशी बाटलीत असेल तर पाणी किती प्यायचं यावर बंधन असलेला किडनीचा रुग्ण वगळता कुणाला त्याचा त्रास नाही. किडनीच्या रुग्णालाही ‘बंद करा’ म्हणायचं नाही. दिवसाच्या ठरलेल्या पाण्यातच ते मोजायला सांगायचं.

अंगावरच्या खुणा

डाग देणं हा सगळ्यात ठळक उपचार. ठरावीक झाडाची काडी किंवा लोखंडी सळई निखाऱ्यात तापवून क्षणभर कातडीला टेकवतात. बरा झालेला डाग नाण्यासारखा गोल, कडा स्पष्ट, मध्ये थोडा फिकट. जागा आजारानुसार बदलते. कावीळ झाली तर मनगटं आणि पोट, छातीचा आजार असेल तर बरगड्या, कुपोषणाने ज्या मुलाचं डोकं मोठं दिसतं त्याला डोक्यावर, सांधेदुखीला सांध्याभोवती. मेळघाटात पोटफुगीसाठी तान्ह्या मुलांना जो डंबा देतात, तो पाहिलेल्यांना हे ओळखायला वेळ लागणार नाही.

हे डाग जुना केसपेपर म्हणून वाचा. मनगटावर आणि पोटावर डाग दिसले की विचारायचं, ‘अगारशो झाली होती का?’ म्हणजे कावीळ. सोमाली लोकांत जुनाट हेपटायटिस बी भरपूर आढळतो आणि पुढे यकृताचा कॅन्सरही. अशा रुग्णाला स्टिरॉइड, केमोथेरपी किंवा रिटुक्सिमॅब सुरू करण्याआधी हेपटायटिस बीची तपासणी (पृष्ठप्रतिजन आणि कोअर अँटिबॉडी, दोन्ही) झालीच पाहिजे. नाहीतर झोपलेला विषाणू उसळतो आणि यकृत निकामी होतं. स्टिरॉइडचा मोठा कोर्स असेल तर स्ट्राँजिलॉइडिस जंतांची तपासणीही त्याच रक्तात उरकून घ्या.

मुलाच्या अंगावर डाग दिसले की मारहाणीची शंका येते, आणि ती यायलाच हवी. फरक असा: उपचाराचे डाग बहुधा समान अंतरावर, दोन्ही बाजूंना सारखे, एकाच आकाराचे असतात, आणि आई-वडील ते लपवत नाहीत. वेगवेगळ्या वयाचे, पाठीवर-ढुंगणावर वेडेवाकडे, विचारल्यावर गोष्ट बदलणारे असतील तर प्रकरण वेगळं आहे. दोन्ही परिस्थितींत फोटो काढून, मोजून, शरीराच्या आकृतीवर नोंद करा. ताजा डाग असेल तर धनुर्वाताची लस पाहा.

‘हिजामो’ म्हणजे कपिंग. त्याच्या खुणा मोठ्या, जांभळ्या, एक-दोन आठवड्यांत विरणाऱ्या. त्यांच्यात बारीक चिरा दिसल्या तर रक्त काढलेलं आहे. पातं कुणाचं होतं ते विचारा आणि हेपटायटिस बी, सी व एचआयव्ही तपासा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या रुग्णाला ओला हिजामो नको, हे तारखेसह लिहून द्या. नुसतं तोंडी सांगितलेलं घरी पोचत नाही.

तोंडात पाहाल तेव्हा सुळे मोजा. बाळाला जुलाब, ताप, उलट्या सुरू झाल्या की हिरड्यांत फुगलेल्या सुळ्याच्या पांढऱ्या कोंभाला दोष दिला जातो, त्याला ‘इल्को दअवो’ म्हणतात. ते कोंभ खिळा, सायकलची तार असल्या टोकदार वस्तूने खरवडून काढतात, साधारण चार ते अठरा महिन्यांच्या वयात. जुलाब खरं तर दूषित पाण्याचे असतात, पण खरवडल्यानंतर दोन-चार दिवसांत ते आपोआप थांबले की उपाय लागू पडला असं ठरतं. पुढे दुधाचा सुळा येत नाही, कायमचा सुळा वाकडा किंवा खडबडीत येतो. मोठेपणी त्याचं काही करायचं नसतं. पण लहान भावंड घरात असेल तर आईला जीवनरक्षक क्षार-साखर पाण्याची पुडी आणि १४ दिवस झिंक हातात द्या. नुसतं ‘करू नका’ म्हणण्यापेक्षा तिच्या हातात दुसरं काहीतरी असलं पाहिजे. घशात पडजीभ दिसली नाही तर तीही लहानपणी कापलेली असू शकते. नोंद करा आणि पुढे चला.

हाड मोडल्यावर गावातल्या जाणकाराने काड्या आणि कापडाने बांधून दिलं असेल, तर पट्टी सोडून बोटं तपासल्याशिवाय रुग्णाला एक्स-रेला पाठवू नका. बांधणी घट्ट असते, सूज वाढत जाते, आणि बोटं गार व बधिर पडेपर्यंत कुणी ती सोडत नाही.

मेंदीचा एक बारीक फटका ऑपरेशन थिएटरमध्ये बसतो. लाल मेंदीने पल्स ऑक्सिमीटर सहसा चुकत नाही. काळ्या मेंदीने मात्र आकडा खोटा येतो किंवा येतच नाही. यंत्र बदलत बसण्याआधी चिमटा कानाच्या पाळीला लावून पाहा. काळी मेंदी म्हणजे बऱ्याचदा मेंदीत केसांचा काळा रंग मिसळलेला. त्यामुळे हातावर नक्षीच्या आकाराचे फोड आले तर ती ॲलर्जी आहे, संसर्ग नाही.

पोटात जाणारं

सोमाली घरातली अर्धी औषधं आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. ‘हब्बत सौदा’ म्हणजे कलौंजी. ‘हुलबो’ म्हणजे मेथी. ‘मलमल’ म्हणजे आपला हिराबोळ. सोमाली किनाऱ्यावरून मुंबईच्या बाजारात तो फार जुन्या काळापासून येतो. ‘बेयो’ आणि ‘मैदी’ हे ऊदाचे दोन प्रकार, मैदी चघळायला वापरतात. सोनामुखी पोट साफ होण्यासाठी. ‘मलब’ म्हणजे मध, तो जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर.

मधुमेहाच्या गोळ्या (विशेषतः ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड) चालू असताना रोज चमचाभर मेथी आणि कलौंजी घेतली तर साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. घेऊ द्या, पण रोज तेवढीच आणि त्याच वेळी, आणि पहिले दोन आठवडे घरी साखर तपासायला लावा. सोनामुखी दररोज घेणाऱ्या माणसाला लघवीची गोळी किंवा डिगॉक्सिन द्यायचं असेल तर आधी पोटॅशियम पाहा. हिराबोळ गरोदरपणात पोटातून नको. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) कारण नसताना वर-खाली होत असेल तर लसूण, कलौंजी, हिराबोळ या तिन्हींची चौकशी करा.

एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, बॉट्युलिझमच्या भीतीमुळे. हे नवजात बाळाच्या घरी आवर्जून सांगावं लागतं, कारण जन्मल्यावर टाळूला गोड लावण्याची रीत आहे. खजूर चावून, मऊ करून लावतात. मधाऐवजी तीच रीत चालू ठेवा म्हटलं की वाद होत नाही. डोळ्यांत घालायच्या काही सुरम्यांमध्ये शिसं असतं. सुरमा घातलेलं मूल फिकट, चिडचिडं, पोट दुखणारं असेल तर रक्तातलं शिसं मोजा.

चहाचं वेगळं विचारायचं. ‘शाह’ म्हणजे वेलची, दालचिनी, लवंग घातलेला, भरपूर साखरेचा चहा. ‘साखर खाता का?’ याला उत्तर येतं ‘नाही’. ‘कपात चमचे किती आणि दिवसाला कप किती?’ असं विचारा. तीन चमचे आणि पाच कप म्हणजे दिवसाला ६० ग्रॅम साखर, फक्त चहातून. चहा तोडायला सांगू नका, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करायला सांगा. मसाल्याची चव तशीच राहते म्हणून ते जमतं. भाताबरोबर केळं खातात, ते अर्धं करायला सांगा. पुरुष रुग्णाचा रक्तदाब औषधांनी उतरत नसेल, झोप नसेल, बद्धकोष्ठ असेल तर ‘काद’ (खत, म्हणजे तरतरी आणणारी पानं) चघळता का ते विचारा. ब्रिटनमध्ये या पानांवर २०१४ पासून बंदी आहे, त्यामुळे तिथे उत्तर लगेच मिळत नाही.

कच्चं उंटाचं दूध आणि न उतरणारा ताप

हा भाग सावकाश वाचा, कारण चूक इथेच होते.

उंटाचं दूध सोमाली माणसाच्या लेखी अन्न आणि औषध दोन्ही आहे: पोटाला, साखरेला, अशक्तपणाला. ते कच्चं, कधी धुरावलेल्या भांड्यात किंचित आंबवून पितात. उकळलं की गुण जातो असा समज आहे. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो. चित्र असं: आठवड्यानुआठवडे येणारा-जाणारा ताप, रात्री घाम, कंबर आणि नितंबाच्या सांध्यात दुखणं, पुरुषांत कधी वृषण सुजणं, वजन उतरणं. आपल्याकडे हे सगळं ऐकलं की पहिला शब्द येतो ‘टीबी’. क्षयरोग सोमाली रुग्णांत खरोखरच जास्त आहे, आणि तो फुप्फुसाबाहेर, मानेच्या गाठींत, मणक्यातही पुष्कळ दिसतो. म्हणजे दोन्ही शक्यता एकाच माणसात उभ्या असतात.

पायऱ्या अशा. दुधाचा प्रश्न विचारा, गेल्या सहा महिन्यांतला. रक्ताचं कल्चर पाठवताना चिठ्ठीवर ‘ब्रुसेलाची शंका’ ठळक लिहा: जंतू सावकाश वाढतो, आणि शंका माहीत नसताना बाटली उघडी हाताळली तर प्रयोगशाळेतल्या माणसाला लागण होते. सोबत ब्रुसेलाची रक्तचाचणी. मणका दुखत असेल तर एमआरआय, शक्य असेल तर सुईने नमुना काढून दोन्ही आजारांसाठी तपासणी.

ब्रुसेलोसिसचा नेहमीचा उपचार म्हणजे डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सहा आठवडे, आणि जोडीला रिफाम्पिसिन सहा आठवडे किंवा स्ट्रेप्टोमायसिन दोन-तीन आठवडे. रिफाम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही दोन्ही क्षयरोगाचीही औषधं आहेत. क्षयरोग नाही याची खात्री न करता ही जोडी सुरू केलीत तर ताप थोडा उतरतो, निदान धूसर होतं आणि औषधाला न जुमानणारा क्षयरोग तयार होऊ शकतो. खात्री होईपर्यंत थांबा. रुग्ण अगदीच खालावला असेल तर त्या क्षेत्रातल्या तज्ज्ञाला विचारूनच पुढे जा.

दुधाबद्दल सांगायचं ते असं: एक उकळी पुरे, आटवायची गरज नाही. ७२ अंशांवर १५ सेकंद एवढ्यावरही जंतू मरतो, पण घरात थर्मामीटर नसतो म्हणून उकळीच सांगा. आंबवायचं असेल तर उकळून, कोमट करून मग.

बाई रुग्ण असेल तेव्हा

सोमालियाच्या २०२० च्या आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या ९९ टक्के स्त्रियांची सुंता झालेली होती. ‘गुदनीन’ हा तिथला शब्द. त्यातला ‘फिरऔनी’ प्रकार सगळ्यात जड: भाग कापून दोन्ही बाजू शिवून टाकतात, लघवी आणि पाळीसाठी छोटं छिद्र उरतं. एडना अदान इस्माईल या सोमाली नर्स-सुईणीने १९७० च्या दशकात या प्रथेविरुद्ध जाहीरपणे बोलायला सुरुवात केली, आणि २००२ मध्ये हर्गेसाला त्यांचं प्रसूती रुग्णालय उभं राहिलं. म्हणजे विरोधही त्या समाजातूनच आला आहे; तुम्ही तिथे नवं काही शिकवायला बसलेले नाही.

पहिल्याच भेटीत, बाई एकटी असताना, सरळ विचारा: ‘लहानपणी सुंता झाली होती का? शिवलं होतं का? लघवीला किती वेळ लागतो?’ लघवीला खूप वेळ लागत असेल, पाळीत रक्त अडकून दुखत असेल, वारंवार लघवीचा संसर्ग होत असेल तर शिवण बंद आहे. तपासणी एकदाच, अनुभवी बाई डॉक्टरने, लहान स्पेक्युलम घेऊन. विद्यार्थ्यांचा घोळका अजिबात नको. कॅथेटर घालायची वेळ आल्यावर हे कळलं तर मूत्रमार्ग दिसतच नाही आणि धावपळ होते.

शिवण उघडायची वेळ शक्यतो बाळंतपणाआधी ठरवा. गरोदरपणात साधारण २० आठवड्यांच्या सुमाराला, किंवा तिची इच्छा असेल तर कळा सुरू झाल्यावर. भूल कमरेतून द्यावी, कारण नुसत्या स्थानिक भुलीत जुनी आठवण अंगावर येते. जोडलेली त्वचा मधोमध उभी उघडायची, मूत्रमार्ग दिसेपर्यंत. त्याहून वर घाई करायची नाही. दोन्ही कडा वेगवेगळ्या, विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवायच्या. नंतर लघवीची धार जोरात आणि आवाज करत येईल हे तिला आधी सांगितलं नाही तर ती घाबरते, काहीतरी बिघडलं असं समजते. बाळंतपणानंतर ‘पुन्हा शिवा’ अशी विनंती येऊ शकते. शिवायचं नाही, आणि हे उघडण्याच्या आधीच नवरा-बायको दोघांशी बोलून ठेवा, म्हणजे प्रसूतीच्या खोलीत वाद होत नाही.

सिझेरियनची भीती मोठी आहे. सिझेरियन म्हणजे मरण, किंवा पुढची मुलं थांबणं, असं धरलं जातं. काही बायका बाळ लहान राहावं म्हणून शेवटच्या महिन्यांत जेवण कमी करतात. वजन वाढत नसेल तर हाही प्रश्न विचारा. सिझेरियनची शक्यता असेल तर ती २८-३० आठवड्यांनाच बोलून ठेवावी, सासू किंवा मोठी बहीण समोर असताना. संमती मात्र बाईचीच. गर्भनिरोधनाचा विषय ‘मुलं थांबवायची’ असा काढलात तर संपला; ‘दोन मुलांत अंतर’ असा काढा.

बाळंतिणीचे चाळीस दिवस, ‘अफर्तन बह’, आपल्या सव्वा महिन्यासारखेच घरात जातात. बाळाला कोमट पाण्याने अंघोळ, तिळाच्या तेलाने मालिश, हात-पाय ताणणं. हे सगळं चांगलं, टोकू नका. बाळाच्या मनगटाला मलमलचा खडा दोऱ्यात बांधतात, तो राहू द्या, फक्त दोरा सैल हवा आणि खडा तोंडात जाईल इतका लोंबता नको. पहिल्या सात दिवसांत नाळेवर मलमल लावतात. तिथे कोरडी नाळ बरी, हे पटवावं लागतं. नाळ ओली, लाल, वास येणारी दिसली तर थांबायचं नाही. दिवसातून दोनदा ‘ऊन्सी’ची धुरी असते: कोळशाच्या निखाऱ्यावर ऊद, साखर आणि अत्तर यांचं मिश्रण. धुरी बाहेरच्या खोलीत, खिडकी उघडी, बाळ दुसरीकडे. बंद खोलीत कोळसा पेटता ठेवून झोपू नये, हे बजावून सांगा.

रमजान

आजारी, गरोदर, अंगावर पाजणारी, प्रवासी यांना सूट आहे, तरी बरेच जण रोजा धरतातच. म्हणून सहा ते आठ आठवडे आधी बोलवा. मेटफॉर्मिन दिवसातून तीनदा असेल तर सकाळचा डोस सुहूरला म्हणजे पहाटेच्या जेवणाला, दुपार आणि संध्याकाळचे मिळून ‘अफुर’ला म्हणजे रोजा सोडताना. ग्लिबेनक्लामाइड बदलून टाका. दिवसातून एकदा घ्यायचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन अफुरला, १५ ते ३० टक्के कमी करून. मिश्र इन्सुलिन दोनदा असेल तर सकाळचा डोस अफुरला पूर्ण, संध्याकाळचा सुहूरला २५ ते ५० टक्के कमी. बोटातून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, हे त्यांच्या इमामाकडूनच वदवून घेतलं तर जास्त पटतं. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा सोडायचा, त्याच क्षणी. मधुमेहाशिवाय मिरगीच्या गोळ्या आणि वॉरफरिनच्या वेळाही याच बैठकीत ठरवा.

जिलेटिनच्या कॅप्सूल आणि डुकरापासून काढलेलं हेपॅरिन यांबद्दल विचारणा होते. पर्याय असेल तर द्या, नसेल तर खरं सांगा; जीव वाचवण्यासाठी चालतं, हे बहुतेक जण मान्य करतात.

मनाचा त्रास आणि लस

‘वाली’ म्हणजे वेडा, हा शब्द कुणी स्वतःला लावून घेत नाही. नैराश्य येतं ते डोकेदुखी, छातीत जळजळ, झोप न लागणं असं शरीरावाटे. ‘मुरुग’ (दुःख), ‘वेलवेल’ (काळजी) हे शब्द चालतात. युद्ध पाहिलं का, घरातलं कुणी गेलं का, हे पहिल्या भेटीत खोदू नका. गोळी आणि शेख दोन्ही एकदम चालू शकतात, हे तुमच्या तोंडून निघालं की गोळी चालू राहण्याची शक्यता वाढते. बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं, मारणं चाललं असेल तिथे मात्र मध्ये पडायचं.

गोवर-गालगुंड-रुबेला लसीने मूल बोलायचं थांबतं, ही भीती मिनेसोटातल्या सोमाली घरांत घट्ट बसली आणि २०१७ मध्ये तिथे गोवराची साथ आली. त्या राज्यात ७५ रुग्ण झाले, बहुतेक सोमाली मुलं. आई-वडिलांना भीती वाटते ती मुलाच्या बोलण्याची. म्हणून लसीबरोबरच बोलण्याच्या वाढीची तपासणी करून दाखवा. समजावताना सोमालियातलंच उदाहरण आहे: जगातला नैसर्गिक देवीचा शेवटचा रुग्ण अली माओ मालिन हा मेर्काच्या रुग्णालयातला स्वयंपाकी होता, १९७७ सालचा. त्याने लस टाळली होती. तो बरा झाला आणि पुढे पोलिओच्या लसीसाठी लोकांना समजावत फिरत राहिला, २०१३ मध्ये मलेरियाने वारला तोवर.

घरी परतणाऱ्या रुग्णाला काय द्यायचं

औषधांची नावं मूळ नावानेच लिहा. भारतीय ब्रँड मोगादिशूत कुणी ओळखेल याचा नेम नाही. प्रत्येक गोळीपुढे सूर्य-चंद्राचं चित्र आणि संख्या. किमान तीन महिन्यांची औषधं, आणि रक्ततपासणी कुठे-कधी ते इंग्रजीत एका पानावर. पट्टी बांधलेली डागाची किंवा टाक्यांची जखम असेल तर त्यावर हिराबोळ, हळद, काहीही लावू नये हे वेगळ्या ओळीत.

इन्सुलिन नेणाऱ्याला साठवण शिकवा. वीज नसेल तर दोन मातीची मडकी, एकात एक, मधल्या जागेत वाळू, वाळू रोज दोनदा ओली, वर ओलं फडकं, सावलीत आणि वारा लागेल अशा जागी. आतल्या मडक्यात बाटली प्लास्टिकच्या पिशवीत, पाण्याला न टेकता. कोरड्या हवेत हे चांगलं चालतं; मोगादिशूसारख्या दमट किनाऱ्यावर कमी. तिथे फ्रिज असलेल्या औषधाच्या दुकानात बाटल्या ठेवून एकेक आणायची सोय जमते का ते पाहायला सांगा. उघडलेली बाटली २८ दिवसांत संपवायची, आणि साफ असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं की टाकून द्यायचं.